तीनशे शहाण्णवांतले सहा
प्रतिपिंड शोधणारे किट आणि त्याचे आकडे वाचण्याची आपली सवय : एक परीक्षण

जून २०२० मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने सहा जिल्ह्यांतील रक्ततपासणीचे आकडे जाहीर केले. नव्या करोना विषाणूचा संसर्ग किती जणांना होऊन गेला आहे, हे शोधण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे महिन्यात देशभर एक सर्वेक्षण हाती घेतले होते. त्यात महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि जळगाव हे जिल्हे होते. बीडला ३९६ जणांपैकी ४, परभणीला ३९६ पैकी ६, नांदेडला ३९३ पैकी ५, सांगलीला ४०० पैकी ५, अहमदनगरला ४०४ पैकी ५ आणि जळगावला ३९६ पैकी २ जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. एकूण २,३८५ जणांत २७, म्हणजे १.१३ टक्के. या उतरंडीत परभणी सर्वांत वर, १.५१ टक्के, जळगाव सर्वांत खाली, ०.५ टक्के.

हे आकडे वाचले की मनात दोन वाक्ये सहज तयार होतात. एक, परभणी जिल्ह्यात दर शंभरांतील दीड माणसाला संसर्ग होऊन गेला होता. दोन, परभणीत जळगावच्या तिप्पट संसर्ग होता. ही दोन्ही वाक्ये वरील आकड्यांतून निघत नाहीत. ती का निघत नाहीत, हे समजून घ्यायला दहावीच्या गणितापलीकडचे फारसे काही लागत नाही.

या लेखात आम्ही तीन गोष्टींचे परीक्षण करणार आहोत : ज्या किटने ही तपासणी झाली ते किट, ते वापरण्याची सर्वेक्षणाची पद्धत आणि हाती आलेला आकडा वाचण्याची आपली सवय. पहिल्या दोहोंत गुणही आहेत आणि मर्यादाही. तिसरीत मात्र दोषच अधिक आहेत, आणि त्यांची जबाबदारी काही अंशी शाळेतल्या विज्ञानावर येते, असे आमचे मत आहे.

पेटीत काय असते?

सर्वेक्षणात पहिल्यांदा वापरलेल्या किटचे नाव ‘कोविड कवच एलायझा’. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही) डॉ. गजानन सपकाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले आणि झायडस कॅडिला या कंपनीकडे उत्पादनासाठी दिले. १० मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी त्याची घोषणा केली. अडीच तासांच्या एका फेरीत ९० नमुने तपासता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य तेव्हा सांगण्यात आले होते.

एलायझा ही पद्धत काही नवी नव्हे. १९७१ साली स्वीडनमध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांनी, तर हॉलंडमध्ये व्हान वीमेन आणि श्यूर्स यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. त्यापूर्वी रक्तातील अत्यल्प पदार्थ मोजण्यासाठी किरणोत्सारी अणूंची खूण वापरावी लागे. ती पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. त्या कामासाठी यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एलायझाने किरणोत्साराऐवजी विकराची, म्हणजे एन्झाइमची, खूण वापरली. त्यामुळे ही तपासणी स्वस्त झाली, सुरक्षित झाली आणि साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली.

या किटचा गाभा म्हणजे ९६ लहान खळग्यांची एक प्लॅस्टिकची प्लेट. प्रयोगशाळेत या खळग्यांना ‘वेल’ म्हणतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी निष्क्रिय केलेल्या विषाणूचा थर चिकटवलेला असतो. त्यात तपासायच्या माणसाचे सीरम पातळ करून घालतात. सीरममध्ये या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असतील, तर ते तळाच्या विषाणूला धरून बसतात. मग खळगा धुतात. न चिकटलेले सारे वाहून जाते. त्यानंतर माणसाच्या प्रतिपिंडाला चिकटणारा दुसरा प्रतिपिंड घालतात. त्याच्या पाठीवर विकर बांधलेले असते. बहुधा हे विकर हॉर्सरॅडिश नावाच्या, आपल्या मोहरी-मुळ्याच्या कुळातील वनस्पतीच्या मुळापासून मिळवलेले असते. पुन्हा धुतात. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. विकर शिल्लक असेल तिथे तो निळा होतो, आणि आम्ल घालून क्रिया थांबवली की पिवळा. हा पिवळा रंग किती गडद आहे, हे यंत्र मोजते.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. यंत्र रंग मोजते, प्रतिपिंड नव्हे. रंगापासून प्रतिपिंडापर्यंतचा सगळा प्रवास हा अनुमानाचा आहे. दोनदा धुतले, तेव्हा एखाद्या खळग्यात थोडे विकर मागे राहिले, तर रंग येतो. सर्दी-पडशाच्या जुन्या करोना विषाणूंविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड या विषाणूलाही थोडेफार चिकटले, तरी रंग येतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर काही खळगे नियंत्रणासाठी राखून ठेवतात : काहींत नक्की प्रतिपिंड असलेले सीरम, काहींत नक्की नसलेले. ९६ खळगे असूनही नमुने ९० च का, याचे उत्तर यात आहे.

आणखी महत्त्वाची गोष्ट अशी, की रंग हा ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतो. तो फिक्यापासून गडदापर्यंत सलग बदलतो. त्यात कोठेतरी रेघ ओढून तिच्या वरच्यांना होकार आणि खालच्यांना नकार म्हणायचे असते. बाधितांचे आणि अबाधितांचे रंग थोडे एकमेकांत मिसळलेले असतात. रेघ खाली ओढली तर बाधित निसटत नाहीत, पण अबाधितांना फुकाचा होकार मिळतो. वर ओढली तर उलट होते. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, माणसाने निवडलेली आहे. किटच्या पेटीवर छापलेले गुण हे या निवडीचे गुण असतात.

रक्तात खूण टिकते कशी?

किट इम्युनोग्लोब्युलिन जी, थोडक्यात आयजीजी, या जातीचे प्रतिपिंड शोधते. हीच जात का? कारण ती रक्तात टिकते. आयजीएम या जातीचे प्रतिपिंड सुमारे पाच दिवसांत निम्मे होतात. आयजीजी निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि दरम्यान शरीर नवे तयार करीतच असते. हा फरक एका ग्राही प्रथिनामुळे पडतो. १९६० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी अशा ग्राहीची कल्पना मांडली. पुढे ते प्रथिन खरोखर सापडले. त्याला ‘एफसीआरएन’ म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी भोवतालच्या द्रवाचे घोट घेत असतात. घोटातली बहुतेक प्रथिने आत मोडली जातात. आयजीजीची शेपटी मात्र हा ग्राही आम्लधर्मी वातावरणात पकडून ठेवतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर परत आणून सोडतो. आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे पोहोचतात तेही याच ग्राहीच्या मदतीने.

तेव्हा परभणीतल्या एखाद्या माणसाला महिनाभरापूर्वी संसर्ग झाला असेल, तर त्याची खूण रक्तात शिल्लक राहते ती या ग्राहीच्या कृपेने. सर्वेक्षणाची सारी भिस्त या टिकाऊपणावर होती.

हा ग्राही स्वतः मोजणारी एलायझा किटही बाजारात मिळतात. त्यांत तळाशी विषाणूऐवजी ग्राहीला पकडणारा प्रतिपिंड चिकटवलेला असतो आणि वरून खूण लावलेला दुसरा. मधे ग्राही, जणू दोन भाकऱ्यांमध्ये झुणका. २०२१ साली अमेरिकेत या ग्राहीला अडवणारे एक औषध स्नायूंच्या एका आजारासाठी मान्य झाले, तेव्हापासून या ग्राहीचे महत्त्व वाढले आहे. परंतु अशा किटच्या पेटीवर बहुधा ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते, आणि ते शब्द गांभीर्याने वाचले पाहिजेत. किती कमी ग्राही ओळखता येतो, हे पेटी सांगते. निरोगी माणसात किती असावा, आजाऱ्यात किती, मधली रेघ कोठे ओढावी, हे सांगण्याची जबाबदारी ती घेत नाही. ‘कवच’ने ही जबाबदारी घेतली होती, म्हणूनच त्याचे परीक्षण अधिक काटेकोरपणे करायला हवे.

सत्त्याण्णव पूर्णांक नऊचा अर्थ

किट बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२० सालीच आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार किटची संवेदनक्षमता ९२.३७ टक्के आणि विशिष्टता ९७.९ टक्के. म्हणजे प्रतिपिंड खरोखर असलेल्या शंभरांपैकी सुमारे ९२ जणांना किट ‘हो’ म्हणते. आणि प्रतिपिंड नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९८ जणांना ‘नाही’ म्हणते. हे आकडे लपवले नाहीत, छापले, ही त्या संस्थेची जमेची बाजू. साथ सुरू झाल्यावर काही आठवड्यांत देशी बनावटीचे, एवढ्या कुवतीचे किट तयार करणे हे काम लहान नव्हते.

आता ९७.९ हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा वाचला, तर किट विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले म्हणायचे. पण तो गुण नाही. उरलेल्या २.१ टक्क्यांकडे पाहा. शंभर अबाधितांमागे दोघांना किट चुकून ‘हो’ म्हणणार. याला आपण फसवा होकार म्हणू. आणि बाधिताला चुकून ‘नाही’ म्हटले, तर फसवा नकार.

सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत देशातील प्रौढांमध्ये संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. हे प्रमाण असलेले एक हजार लोक घ्या. त्यांत बाधित सुमारे ७.३. किट त्यांपैकी ६.७ ओळखेल. अबाधित ९९२.७; त्यांच्या २.१ टक्के, म्हणजे २०.८ जणांना फसवा होकार मिळेल. एकूण होकार २७.५; त्यांपैकी खरे ६.७. दर चार होकारांत तीन फसवे! ९७.९ टक्के विशिष्टतेच्या किटने ‘हो’ म्हटले, तर ते खरे असण्याची शक्यता चारात एक.

याच किटने जुलै २०२१ मध्ये हजार लोक तपासले असते तर? तेव्हाच्या चौथ्या फेरीत, मुलांसह, संसर्गाच्या किंवा लसीच्या खुणा ६७.६ टक्के लोकांत आढळल्या होत्या. हजारांत ६७६ जणांत प्रतिपिंड. त्यांपैकी ६२४ ओळखले जातील. उरलेल्या ३२४ पैकी फसवे होकार फक्त ७. म्हणजे आता शंभरांतील ९९ होकार खरे. पण नकारांकडे पाहा : ३१७ खरे नकार आणि ५२ फसवे. सातांतला एक नकार खोटा. किट तेच, रसायने तीच, रेघ तीच. बदलले ते फक्त भोवतालच्या लोकांतील प्रमाण. आणि तेवढ्याने आधी अविश्वसनीय असलेला होकार विश्वसनीय झाला आणि विश्वसनीय नकार संशयास्पद.

आमच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाच आहे. ‘हो’ या उत्तराची किंमत किटच्या पेटीत नसते. ती किट आणि गाव मिळून ठरते. ‘हे किट किती अचूक आहे?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘हे किट कोठे, कोणावर वापरले?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ऋण माणसे

आता परभणीकडे वळू. समजा, मे २०२० मध्ये परभणीत तपासलेल्या ३९६ जणांपैकी एकालाही संसर्ग झालेला नव्हता. तरी या एका किटने ३९६ च्या २.१ टक्के, म्हणजे सुमारे ८ जणांना होकार दिला असता. जाहीर झालेला आकडा सहा!

दिसणाऱ्या प्रमाणावरून खरे प्रमाण काढण्याचे उलटे गणित सोपे आहे. दिसणाऱ्या प्रमाणातून फसव्या होकारांचे २.१ टक्के वजा करा. जे उरेल त्याला संवेदनक्षमता आणि विशिष्टता यांच्या बेरजेतून एक वजा करून येणाऱ्या संख्येने, म्हणजे येथे ०.९०२७ ने, भागा. वरच्या उदाहरणात हजारी २७.५ होकार होते. २१ वजा केले, ६.५ उरले, भागाकार सुमारे ७.२. मूळच्या ७.३ शी तो जुळतो; किंचित फरक आहे तो आपण आकडे अलीकडे-पलीकडे केल्यामुळे. हेच परभणीच्या १.५१ टक्क्यांना लावा. १.५१ मधून २.१ वजा केले की ऋण संख्या येते. परभणीत उणे ०.६५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता!

ऋण माणसे नसतात. तेव्हा आपल्या गृहीतांत काहीतरी राहून गेले आहे. वर्गात असे उत्तर आले की विद्यार्थी ते खोडून टाकतात. खरे तर येथेच थांबावे. राहून गेलेली गोष्ट म्हणजे सर्वेक्षणाची पद्धत. सर्वेक्षण करणाऱ्यांनी हे गणित आधीच केले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, ‘कवच’ने होकार दिलेले नमुने पुन्हा दुसऱ्या, जर्मन बनावटीच्या किटने तपासण्यात आले आणि दोन्हींत होकार आला तरच माणूस बाधित धरला गेला. दुसऱ्या किटमध्ये संपूर्ण विषाणू नव्हे, तर त्याच्या काट्यावरील प्रथिनाचा एक भाग तळाशी असतो. पहिल्या किटला जे कारण फसवते, ते दुसऱ्याला बहुधा फसवत नाही.

याचा परिणाम किती मोठा, तेही पाहू. पहिल्या फेरीत ७० जिल्ह्यांत २८,००० प्रौढ तपासले गेले. एकाच किटवर भिस्त ठेवली असती, तर त्यांतून सुमारे ५८८ फसवे होकार आले असते. दुसऱ्या किटची विशिष्टता ९९ टक्के धरली आणि दोघांच्या चुका एकमेकींशी निगडित नाहीत असे मानले, तर फसवे होकार जेमतेम सहा उरतात, तेही साऱ्या देशात. याची किंमत म्हणजे काही खरे बाधित दोन्ही चाळण्यांतून निसटतात. परंतु ते किती, याचा अंदाज बांधून हिशेबात धरता येतो. ०.७३ हे प्रमाण अशा दुरुस्त्या करूनच काढलेले आहे. पद्धतीचा हा भाग आम्हांला निर्दोष आणि अनुकरणीय वाटतो.

म्हणजे परभणीचे सहा जण दोन्ही चाळण्यांतून उतरले असतील, तर ते बहुधा खरोखर बाधित होते. एकाच चाळणीतून उतरले असतील, तर त्यांच्यावरून काहीच सांगता येत नाही. ‘३९६ पैकी ६’ एवढ्या चार शब्दांत या दोन अर्थांतला फरक मावत नाही.

सहा आणि दोन

आता दुसरे वाक्य : परभणीत जळगावच्या तिप्पट संसर्ग. समजा, दोन्ही जिल्ह्यांत खरे प्रमाण अगदी सारखे, एक टक्का, आहे. कोणत्याही एका जिल्ह्यातून ३९६ माणसे निवडली तर अपेक्षा चार बाधितांची. पण प्रत्येक वेळी चारच येणार नाहीत. दोन येण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, सहा येण्याची सुमारे १० टक्के. एकाच पोत्यातून दोन मुठी भराव्यात आणि एकीत सहा खडे, दुसरीत दोन निघावेत, त्यातलाच हा प्रकार. त्यावरून पोती वेगळी होती असे म्हणता येत नाही.

सहा होकारांवरून परभणीचे खरे प्रमाण काढायचेच असेल, तर ते अर्ध्या टक्क्यापासून सव्वातीन टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. हा पल्लाही कमीच आहे. कारण प्रत्येक जिल्ह्यातून दहा गावे किंवा वॉर्ड निवडून तेथील सुमारे चाळीस घरांतून एकेक प्रौढ घेतला होता. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. दहा ठिकाणे म्हणजे सरासरी तालुक्याला एकच. साथ गावागावांतून गठ्ठ्याने पसरते. निवडीत एखादे साथग्रस्त गाव आले की आकडा चढतो, हुकले की उतरतो. २०११ च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती. तिला १.५१ टक्क्यांनी गुणले तर २७ हजारांहून अधिक बाधित निघतात. पण वरच्या पल्ल्याने तोच आकडा दहा हजारही असू शकतो आणि साठ हजारही. शिवाय तपासलेले सगळे प्रौढ होते. मुलांबाबत त्यातून काही कळत नाही, मग गुणाकार साऱ्या लोकसंख्येशी कसा करायचा?

देशाचे प्रमाण काढण्यासाठी ही आखणी होती. जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी लावण्यासाठी नव्हे. म्हणून जिल्हानिहाय टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत जाहीर करणे, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला ठळक दोष होता. ‘१.५१’ मधला शेवटचा एक काहीही सांगत नाही. मात्र वाचणाऱ्याला अचूकतेचा भास देतो. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असताना मायक्रोमीटरमध्ये उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. येथेही कापायला हवेत.

नावाविषयी

किटच्या नावावरही आमचा आक्षेप आहे. कवच म्हटले की मराठी वाचकाला कर्ण आठवतो. ते अंगावर आहे तोवर बाण लागत नाही. हे किट मात्र शरीराला कवच आहे की नाही ते सांगत नाही. विषाणूला चिकटणारे प्रतिपिंड रक्तात आहेत, एवढेच ते सांगते. चिकटणारा प्रत्येक प्रतिपिंड विषाणूला निकामी करतोच असे नाही, आणि आज असलेले प्रतिपिंड सहा महिन्यांनी पुरतील असेही नाही. संसर्ग होऊन गेलेल्या अनेकांना पुढे, विशेषतः २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या ओमिक्रॉनच्या लाटेत, पुन्हा संसर्ग झाला. ज्या तपासणीत होकार आला की माणूस मुखपट्टी काढून ठेवण्याची शक्यता आहे, तिला असे नाव देताना अधिक विचार व्हायला हवा होता.

याच्या उलट प्रकार त्याआधी महिनाभर घडला होता. एप्रिल २०२० मध्ये बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी झटपट प्रतिपिंड किट परदेशातून आणून राज्यांना वाटण्यात आली. राजस्थानने ती भरवशाची नसल्याचे कळवले. २१ एप्रिलला आयसीएमआरने त्यांचा वापर दोन दिवस थांबवायला सांगितले आणि २७ एप्रिलला दोन कंपन्यांची किट वापरूच नका असे कळवले. तेथे किटच निकृष्ट ठरले. अशी चूक लवकर उघडी पडते. चांगल्या किटचा आकडा चुकीचा वाचला, तर मात्र ती चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ती अधिक घातक.

वर्गात काय करता येईल?

हा विषय केवळ एका साथीपुरता नाही. गरोदरपणातील चाचण्या, एचआयव्हीची तपासणी, डेंग्यूचे किट, गुराढोरांतील सांसर्गिक गर्भपाताची चाचणी, या सगळ्यांना हेच गणित लागू पडते. परभणीच्या शिक्षकांना तर पशुवैद्यक महाविद्यालय गावातच आहे. जनावरांच्या रोगनिदानात एलायझा कशी वापरतात, हे तेथे विचारता येईल. आपले विद्यार्थी आठवी-नववीत प्रतिपिंड हा शब्द शिकतात आणि दहावीत संभाव्यता शिकतात. पण दोन्ही पुस्तके एकमेकांना ओळखत नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकात चाचणी म्हणजे निर्णय, आणि गणिताच्या पुस्तकात संभाव्यता म्हणजे फासे आणि पत्ते. या दोन तासांच्या मधल्या फटीतून आपला विद्यार्थी बाहेर पडतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द अंतिम सत्य म्हणून वाचतो. एखाद्या घरात त्या एका शब्दाने काय उलथापालथ होते, हे २०२० साली साऱ्यांनीच पाहिले आहे. गावात त्या घराकडे जाणारे पाऊल थांबते, दूध घालणारा येत नाही. तो होकार फसवा असण्याची शक्यता कोणी विचारातही घेत नाही.

तपासणीचा कोणताही आकडा समोर आला, की विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत, अशी सवय लावता येईल. अबाधितांपैकी किती जणांना ही चाचणी चुकून ‘हो’ म्हणते? जेथे ती वापरली, तेथे ही बाधा मुळात किती पसरलेली आहे? ‘हो’ आल्यावर दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने पडताळा घेतला का? आणि एकूण किती जण तपासले?

यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. पन्नास चिंचोके घ्या, एकावर खडूने खूण करा आणि सारे एका पिशवीत टाका. हे आपले किट; याचे फसव्या होकाराचे प्रमाण पन्नासात एक, म्हणजे दोन टक्के, ‘कवच’च्या जवळपास. वर्गाला आधीच सांगा, की येथे कोणालाही संसर्ग झालेला नाही. मग प्रत्येकाने न बघता एक चिंचोका काढावा, पाहावा आणि परत पिशवीत टाकावा. खुणेचा निघाला तर ‘हो’. पन्नासांच्या वर्गात आठ दिवस रोज एक फेरी घेतली, की चारशे तपासण्या होतात. परभणीत झाल्या जवळपास तेवढ्याच. फळ्याच्या कोपऱ्यात रोजचे होकार लिहून ठेवा. आठवड्याअखेर त्यांची बेरीज आठच्या आसपास भरेल. कधी सहा, कधी दहा. एकही बाधित नसलेल्या वर्गातले हे होकार आहेत. त्यानंतर परभणीचे सहा फळ्यावर लिहावेत, आणि ते खरे मानण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.